मुलांचे संरक्षण आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य : अमेरिकेतील इंटरनेट कायद्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा वाद नेमका कशाचा आहे?

मुलांना अपायकारक मजकुरापासून वाचवू नये, असे म्हणणारा पक्ष या वादात नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे जेव्हा रद्द केले, तेव्हाही मुलांचे संरक्षण हा सरकारचा अत्यंत महत्त्वाचा आणि रास्त हेतू आहे हे मान्य केले. वाद आहे तो साधनांचा. एखाद्या सोळा वर्षांच्या मुलाने जे पाहू नये ते त्याच्यापर्यंत पोहोचू न देण्यासाठी चाळीस वर्षांच्या माणसावर किती बंधन घालावे, लेखकाने आणि प्रकाशकाने किती धोका पत्करावा, आणि ‘अपायकारक’ म्हणजे काय हे कोणी व किती नेमक्या शब्दांत ठरवावे, या तीन प्रश्नांभोवती गेली तीस वर्षे तेथील संसद, राज्ये आणि न्यायालये फिरत आहेत. ही उत्तरे लिहिताना आमचे स्वतःचे मत आम्ही लपवलेले नाही. मुलांसाठी कायदा हवा. मात्र तो मोघम असेल तर तो मुलांना वाचवत नाही आणि प्रौढांना गप्प मात्र करतो, असे आम्हांला वाटते.

मुलांसाठी वेगळा नियम करणे अमेरिकेच्या घटनेत बसते का?

होय, आणि हे इंटरनेटच्या कितीतरी आधी ठरले आहे. १९६८ च्या गिन्सबर्ग विरुद्ध न्यूयॉर्क या खटल्यात एका छोट्या उपाहारगृहाच्या मालकाने सोळा वर्षांच्या मुलाला नग्न चित्रांची मासिके विकली होती. ती मासिके प्रौढांच्या दृष्टीने कायद्याने अश्लील ठरत नव्हती. तरीही मुलांच्या बाबतीत अश्लीलतेचे माप वेगळे ठेवता येते, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली. ‘अल्पवयीनांस अपायकारक’ हा शब्दप्रयोग आजच्या कायद्यांत दिसतो, त्याचे मूळ याच निकालात आहे.

त्याच्या अकरा वर्षे आधीचा दुसरा निकालही तितकाच लक्षात ठेवण्यासारखा आहे. तरुण मनांवर वाईट परिणाम होईल असे पुस्तक कोणालाही, अगदी प्रौढालाही, विकणे हा मिशिगन राज्यात गुन्हा होता. १९५७ मध्ये बटलर विरुद्ध मिशिगन या खटल्यात न्यायालयाने हा कायदा एकमताने रद्द केला. डुक्कर भाजण्यासाठी घर जाळावे तसा हा प्रकार आहे, असे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी लिहिले. मुलांना शोभेल तेवढेच प्रौढांनी वाचावे, अशी स्थिती त्या कायद्याने आणली असती.

पुढचा सगळा इतिहास म्हणजे या दोन निकालांमधली ओढाताण आहे. दुकानदाराला समोरच्या गिऱ्हाइकाचे वय दिसते, म्हणून गिन्सबर्ग निकालाची अंमलबजावणी सोपी होती. पडद्यापलीकडचे गिऱ्हाईक दिसत नाही, आणि म्हणून इंटरनेटवर केलेला प्रत्येक नियम मिशिगनच्या चुकीकडे घसरण्याचा धोका असतो.

१९९६ चा कायदा काय होता, आणि तो का टिकला नाही?

नेब्रास्काचे सिनेटर जेम्स एक्सन यांनी पुढाकार घेतलेला ‘कम्युनिकेशन्स डीसेन्सी ॲक्ट’ हा दूरसंचारविषयक मोठ्या कायद्याचा एक भाग होता. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ८ फेब्रुवारी १९९६ रोजी त्यावर सही केली. अठरा वर्षांखालील व्यक्तीला ‘असभ्य’ मजकूर जाणूनबुजून पाठवणे, किंवा ‘ढळढळीतपणे आक्षेपार्ह’ मजकूर तिला दिसेल अशा रीतीने मांडणे, हा दोन वर्षांपर्यंत कैदेस पात्र गुन्हा ठरला. गोम अशी होती की या दोन्ही शब्दप्रयोगांच्या कक्षा कायद्याने पुरेशा आखल्याच नव्हत्या. अश्लीलतेच्या स्थापित कसोटीत साहित्यिक, कलात्मक, राजकीय किंवा वैज्ञानिक मूल्य असलेल्या मजकुराला सूट मिळते. येथे तीही नव्हती.

अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन ही नागरी हक्कांची संघटना, ग्रंथालयांची संघटना आणि इतर अनेकांनी फिलाडेल्फियाच्या न्यायालयात दाद मागितली. २६ जून १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी लिहिलेला हा निकाल आजही मुळातून वाचावा असा आहे, कारण त्यांनी मोघम शब्दांचा परिणाम ठोस उदाहरणांनी दाखवला. कॉलेजात शिकायला गेलेल्या आपल्या सतरा वर्षांच्या मुलाला एखाद्या पालकाने संततिनियमनाची माहिती ई-मेलने पाठवली, आणि त्या कॉलेजच्या गावाला ती आक्षेपार्ह वाटली, तर पालक तुरुंगात जाऊ शकतो; मग त्या पालकाला, मुलाला किंवा त्यांच्या स्वतःच्या गावाला त्यात काही गैर वाटत नसले तरी. सुरक्षित लैंगिक संबंध, तुरुंगात होणारे बलात्कार, नग्न आकृत्या असलेली कलाचित्रे या साऱ्यांवरची चर्चा त्या जाळ्यात सापडत होती.

न्यायमूर्ती सँड्रा डे ओ’कॉनर यांनी वेगळे टिपण लिहिले. प्रत्यक्ष जगात जसे प्रौढांसाठीचे भाग वेगळे राखता येतात, तसे इंटरनेटवर पुढे तंत्रज्ञानामुळे शक्य होईल. १९९७ मध्ये मात्र तसे विश्वासार्ह साधन नाही, अशी त्यांची मांडणी होती. हे टिपण त्या काळी फारसे कोणाच्या डोळ्यांत भरले नसेल, परंतु २०२५ मध्ये काय घडले हे समजून घ्यायचे तर त्याला पर्याय नाही.

जाता जाता एक नोंद करायला हवी. संकेतस्थळांना वापरकर्त्यांच्या मजकुराच्या जबाबदारीतून मोठ्या प्रमाणात मुक्त करणारे प्रसिद्ध कलम २३० हे याच कायद्याचा भाग होते, आणि ते टिकून राहिले.

रेडिओ आणि टीव्हीवर बंधने चालतात; मग इंटरनेटवर का नाहीत?

१९७३ मध्ये एका रेडिओ केंद्राने दुपारी दोनच्या सुमारास शिव्यांनी भरलेला विनोदी कार्यक्रम प्रसारित केला, आणि लहान मुलाबरोबर मोटारीत असताना तो कानावर पडल्याची तक्रार एका वडिलांनी केली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी प्रसारणाच्या नियामक आयोगाची बाजू घेतली. रेडिओलहरी मर्यादित असतात, त्यांना सरकारी परवाना लागतो, आणि रेडिओ न सांगता घरात शिरतो, ही प्रसारणावरील बंधनांमागची कारणे. स्टीव्हन्स यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की इंटरनेटला यांपैकी काहीच लागू पडत नाही, कारण तेथे माणसाला पावलागणिक स्वतः काहीतरी निवडत जावे लागते. आज मात्र फोन उघडताच शिफारशींची रांग आपोआप समोर येते. तेव्हा हा युक्तिवाद १९९७ इतका भक्कम राहिलेला नाही, हे स्वातंत्र्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही मान्य केले पाहिजे.

संसदेने पुन्हा प्रयत्न केला का?

केला, आणि या वेळी अधिक विचारपूर्वक. १९९८ चा ‘चाइल्ड ऑनलाइन प्रोटेक्शन ॲक्ट’ फक्त व्यापारी हेतूने वेबवर मजकूर ठेवणाऱ्यांना लागू होता. ‘असभ्य’ या शब्दाऐवजी त्यात ‘अल्पवयीनांस अपायकारक’ अशी गिन्सबर्ग निकालाच्या धर्तीवरील तीन भागांची व्याख्या होती. क्रेडिट कार्ड किंवा वयाचा तत्सम पुरावा मागणाऱ्या संकेतस्थळाला बचाव उपलब्ध होता. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद आणि ५०,००० डॉलरपर्यंत दंड अशी होती.

तरीही हा कायदा एक दिवसही अमलात आला नाही. फिलाडेल्फियाचे न्यायाधीश लोवेल रीड यांनी १९९९ च्या आरंभी त्याला स्थगिती दिली. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ती कायम ठेवली, २००७ मध्ये रीड यांनी कायमचा मनाई हुकूम दिला, आणि जानेवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेवटचे अपील ऐकण्यास नकार दिला. २००४ च्या निकालात न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी मांडलेला मुद्दा व्यवहाराला धरून होता. पालकांनी घरच्या संगणकावर बसवलेले फिल्टर हे बोलणाऱ्याला शिक्षा करण्यापेक्षा सौम्य साधन तर आहेच, शिवाय ते अधिक परिणामकारकही असू शकते. कारण असा सुमारे ४० टक्के मजकूर परदेशातून येत असल्याचा अंदाज साक्षीत आला होता, आणि अमेरिकेचा फौजदारी कायदा तेथे पोहोचत नाही, फिल्टर पोहोचतो.

मग मुलांची माहिती गोळा करण्यावर बंदी घालणारा कायदा तो हाच का?

नाही. नावे इतकी सारखी आहेत की अनुभवी वाचकांचाही गोंधळ होतो. १९९८ मध्येच झालेला ‘चिल्ड्रन्स ऑनलाइन प्रायव्हसी प्रोटेक्शन ॲक्ट’ हा वेगळा कायदा आहे. तेरा वर्षांखालील मुलाची वैयक्तिक माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करण्यास तो मनाई करतो, आणि तो आजही लागू आहे. २०१९ मध्ये गूगल आणि यूट्यूबने याच कायद्याखालील तक्रार १७ कोटी डॉलर भरून मिटवली. मजकुराला हात न लावता कंपनीच्या वर्तनावर बंधन घातल्यामुळे, तो एवढी वर्षे टिकला यात आम्हांला आश्चर्य वाटत नाही.

सार्वजनिक वाचनालयांत फिल्टर सक्तीचे आहेत का?

इंटरनेटसाठी केंद्र सरकारची सवलत किंवा अनुदान घेणाऱ्या शाळा आणि वाचनालये यांना २००० च्या कायद्यानुसार फिल्टर बसवावे लागतात. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. प्रौढ वाचकाने विनंती केली तर ग्रंथपाल फिल्टर बंद करू शकतो, ही बाब त्यात महत्त्वाची ठरली. आमच्या मते येथे एक प्रश्न सुटलाच नाही. स्तनांच्या कर्करोगाविषयी किंवा लैंगिक छळाविषयी वाचू पाहणारी पंधरा वर्षांची मुलगी ग्रंथपालाकडे जाऊन ‘हे माझ्यासाठी उघडा’ असे म्हणेल का, याचा विचार त्या निकालात फारसा दिसत नाही.

मुलांना स्वतःला अभिव्यक्तीचा आणि वाचनाचा हक्क आहे का?

या चर्चेत सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे सविस्तर देत आहोत. अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी देणारी अमेरिकेच्या घटनेची पहिली दुरुस्ती वयाचा उल्लेख करत नाही. १९६९ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडावर काळ्या फिती बांधून शाळेत आलेल्या विद्यार्थ्यांचा हक्क न्यायालयाने मान्य केला. १९७५ मध्ये जॅक्सनव्हिल शहराने मोटारीत बसून पाहण्याच्या खुल्या चित्रपटगृहांवर घातलेले निर्बंध रद्द करताना न्यायालय म्हणाले की, केवळ आपल्याला अयोग्य वाटणाऱ्या विचारांपासून किंवा प्रतिमांपासून मुलांना दूर ठेवावे यासाठी, मुलांच्या दृष्टीनेही अश्लील नसलेला मजकूर सरकार दडपू शकत नाही.

२०११ मध्ये कॅलिफोर्नियाचा कायदा न्यायालयापुढे आला. हिंसक व्हिडिओ गेम अल्पवयीनांना विकण्यास त्याने मनाई केली होती. न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो रद्द केला. न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी बजावले की मुलांसाठी वेगळे माप हे लैंगिक मजकुरापुरतेच आहे. हिंसा, भीती किंवा मुलांना घातक वाटणाऱ्या इतर कल्पना यांच्यासाठी सरकारने संरक्षणाबाहेरचे नवे वर्ग निर्माण करू नयेत. परीकथांमध्येही रक्तपात भरपूर असतो, याची त्यांनी आठवण करून दिली.

म्हणूनच ‘अपायकारक’ या एका शब्दात पोर्नोग्राफी, आत्महत्येस चिथावणी, शरीराविषयी न्यूनगंड निर्माण करणारी छायाचित्रे आणि समलैंगिकतेविषयीची माहिती हे सगळे एकत्र कोंबणारा कायदा पाहिला की आम्ही सावध होतो. यांतील शेवटची गोष्ट तर कित्येक किशोरांना एकटेपणातून बाहेर काढणारी आहे.

बालकांच्या लैंगिक शोषणाचे चित्रण अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येते का?

नाही. १९८२ पासून अमेरिकेत ते पूर्णपणे संरक्षणाबाहेर आहे, कारण ते तयार होताना प्रत्यक्ष मुलावर अत्याचार झालेला असतो. या पानावरील वादाचा त्याच्याशी संबंध नाही, आणि कोणी तो जोडत असेल तर वाचकाने थांबून कारण विचारावे.

२०२५ मध्ये नेमके काय बदलले?

लुइझियाना राज्याचा वयपडताळणीचा कायदा जानेवारी २०२३ मध्ये लागू झाला आणि पाठोपाठ अनेक राज्यांनी तसेच कायदे केले. टेक्सासच्या २०२३ च्या कायद्यानुसार ज्या व्यापारी संकेतस्थळावरील एक तृतीयांशाहून अधिक मजकूर अल्पवयीनांस अपायकारक लैंगिक स्वरूपाचा आहे, त्याने प्रत्येक अभ्यागताचे वय सरकारी ओळखपत्र किंवा तत्सम नोंदींवरून पडताळले पाहिजे. उल्लंघनाला दिवसाला १०,००० डॉलरपर्यंत दंड आहे. अल्पवयीन व्यक्ती आत पोहोचली तर आणखी २,५०,००० डॉलरपर्यंत. पोर्नहबने मार्च २०२४ मध्ये टेक्सासमधील वापरकर्त्यांसाठी आपले संकेतस्थळच बंद केले.

२७ जून २०२५ रोजी, फ्री स्पीच कोअलिशन विरुद्ध पॅक्स्टन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी हा कायदा वैध ठरवला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी लिहिला. मुलांना असा मजकूर नाकारण्याचा अधिकार राज्याला आहे, तर त्यासाठी वयाचा पुरावा मागण्याचा अधिकारही त्यातच आला; प्रौढांवर पडणारा भार हा आनुषंगिक आहे, असे त्यांनी म्हटले. त्यामुळे यापूर्वी लावली जाणारी कठोर छाननी (याहून सौम्य साधन उपलब्ध नाही हे सरकारने सिद्ध करण्याची कसोटी) सोडून न्यायालयाने मध्यम छाननी, म्हणजे त्याहून सैल कसोटी, लावली. विशेष म्हणजे १९९७ आणि २००४ या दोन्ही वेळी थॉमस कायदे अडवणाऱ्या बहुमतात होते.

न्यायमूर्ती एलेना केगन यांनी दोन सहकाऱ्यांसह भिन्नमत नोंदवले. त्यांची तक्रार मोजकी होती: प्रौढांना जे पाहण्याचा हक्क आहे त्यावर त्यातील आशयाकडे बघून भार टाकला जात असेल, तर कठोर छाननीच हवी, टेक्सासचा कायदा कदाचित त्या छाननीतही उतरेल, पण राज्याने ते सिद्ध करून दाखवावे. आम्हांला हीच बाजू अधिक पटते. कायदा चांगला असेल तर त्याला कठीण परीक्षेची भीती नसावी, आणि आज पोर्नोग्राफीसाठी सैल केलेली कसोटी उद्या दुसऱ्या कोणत्या मजकुराला लावली जाणार नाही, याची हमी निकालात पुरेशी नाही. मात्र बहुमताने मांडलेली एक वस्तुस्थिती नाकारता येत नाही. २००४ मध्ये केनेडी ज्या घरच्या संगणकाविषयी बोलत होते, त्याच्या जागी आता प्रत्येक किशोराच्या हातात स्वतःचा फोन आहे, आणि त्या फिल्टरवरचा भरवसा तितका उरलेला नाही.

वय सिद्ध करायला प्रौढांची हरकत का असावी? दारूच्या दुकानातही ओळखपत्र दाखवावे लागतेच.

दुकानदार ओळखपत्र पाहतो आणि परत देतो. इंटरनेटवर दाखवलेल्या ओळखपत्राची प्रत राहू शकते, आणि त्या प्रतीला ‘ही व्यक्ती काय पाहते’ ही नोंद जोडली जाऊ शकते. टेक्सासचा कायदा पडताळणी करणाऱ्याला ओळखीची माहिती साठवण्यास मनाई करतो, ही जमेची बाजू आहे. पण ही मनाई पाळली गेली की नाही हे वापरकर्त्याला कळण्याचा मार्ग नाही. या भीतीने माणूस वैध मजकुराकडेही फिरकत नाही, आणि कोणतीही बंदी न घालता बंदीचा परिणाम साधतो. ज्या पद्धतीत पडताळणारी संस्था संकेतस्थळाला केवळ ‘वय पुरेसे आहे’ एवढेच कळवते, आणि व्यक्ती कोणत्या संकेतस्थळावर गेली हे त्या संस्थेलाही कळत नाही, तीच आम्हांला समर्थनीय वाटते.

सोशल मीडियावरील वयोमर्यादेचे काय?

येथे चित्र अजून अस्थिर आहे. मुलांच्या ऑनलाइन सुरक्षिततेचे विधेयक अमेरिकी सिनेटने जुलै २०२४ मध्ये ९१ विरुद्ध ३ मतांनी संमत केले, पण प्रतिनिधिगृहात ते अडकले. ऑनलाइन सेवांची रचना मुलांच्या वयाला साजेशी असावी असे सांगणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या २०२२ च्या कायद्याला न्यायालयाने स्थगिती दिली. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांच्या खात्यांवर बंदी आणली असून कंपन्यांना ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. ऑस्ट्रेलियाच्या घटनेत अमेरिकेसारखी पहिली दुरुस्ती नाही, त्यामुळे तेथील कायदा जसाच्या तसा अमेरिकेत टिकेल असे मानू नये. आपोआप सुरू होणारे व्हिडिओ, न संपणारी यादी, रात्री येणाऱ्या सूचना यांसारख्या रचनेवरचे नियम आणि मजकुरावरचे नियम यांत न्यायालये फरक करू पाहत आहेत. तो फरक नेटका करता आला, तर मुलांच्या हिताचे पुष्कळ काम कोणाचेही तोंड बंद न करता होऊ शकेल.

या अमेरिकी निकालांचा भारताशी काही संबंध आहे का?

थेट संबंध आहे, आणि त्याचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत पाळल्या गेलेल्या बंदविषयी फेसबुकवर लिहिल्यामुळे आणि ते ‘लाइक’ केल्यामुळे पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली. त्या घटनेने देशभर उठलेल्या चर्चेतून श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार हा खटला उभा राहिला, आणि २४ मार्च २०१५ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने, आक्षेपार्ह किंवा त्रासदायक ऑनलाइन संदेश पाठवणे गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६ अ रद्द केले. न्यायमूर्ती रोहिंटन नरीमन यांनी शब्दांच्या मोघमपणाची चर्चा करताना १९९७ च्या अमेरिकी निकालाचा आधार घेतला. ‘अत्यंत आक्षेपार्ह’ किंवा ‘त्रासदायक’ म्हणजे काय हे जिथे कायदाच सांगत नाही, तिथे ते ठाण्यातला अधिकारी ठरवतो.

मुलांच्या नावाने प्रौढांच्या वाचनावर बंधन घालण्याचा प्रश्नही मराठीला नवा नाही. १९६२ च्या एका मराठी दिवाळी अंकातील कथेवरून लेखक चंद्रकांत काकोडकर यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने त्यांना दोषी धरले, परंतु १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष ठरवले. लैंगिकतेचा उल्लेख आहे एवढ्यावरून लिखाण अश्लील मानायचे ठरवले, तर निव्वळ धार्मिक पुस्तकेच विकता येतील, या आशयाचे न्यायालयाचे म्हणणे होते.

भारतातील नवा डेटा संरक्षण कायदा मुलांबाबत काय सांगतो?

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे. नवव्या कलमानुसार तिची माहिती वापरण्यापूर्वी पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांवर पाळत ठेवणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांस मनाई आहे, आणि उल्लंघनाला २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे.

पाळत आणि जाहिरातींवरील मनाईचे आम्ही मनापासून स्वागत करतो. हरकत आहे ती सरसकट अठरा या वयाला. अमेरिकेने यासाठी तेरा हे वय धरले आहे. बारावीत शिकणारी, एकटीने लोकलने प्रवास करणारी सतरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचे मूल यांना कायदा एकाच मापाने मोजतो. जिच्या घरातच तिच्यावर अन्याय होत असेल, तिला मदतीची माहिती शोधायलाही कदाचित त्याच घरातील माणसाची संमती घ्यावी लागेल. त्यातच, कोणता वापरकर्ता मूल आहे हे ओळखायचे तर सर्वच वापरकर्त्यांचे वय तपासावे लागेल, आणि टेक्सासमध्ये केवळ एका प्रकारच्या संकेतस्थळांपुरता उभा राहिलेला ओळखपत्राचा प्रश्न येथे शिक्षणाच्या ॲपपासून बातम्यांपर्यंत सगळीकडे उभा राहील. सरकारने आरोग्य आणि शिक्षण क्षेत्रातील काही संस्थांना ठरावीक मर्यादेत सूट दिली आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी, निदान समुपदेशन आणि कायदेशीर मदतीच्या सेवांपुरती तरी, पालकांच्या संमतीची अट शिथिल करावी, अशी आमची मागणी आहे.